दोन फेरे

मोटारीच्या पोटात काय चालते याची चौकशी मी कधी केली नाही. किल्ली फिरवली की ती सुरू व्हावी, एवढीच माझी तिच्याकडून अपेक्षा. आणि गेली बारा वर्षे तिने ती बिनतक्रार पुरी केली. त्यामुळे ‘सर, टायमिंग बेल्ट बदलायला झालाय, तुटला तर इंजिन जाईल,’ असे मेस्त्री म्हणाले तेव्हा, खोटे कशाला सांगू, मला प्रथम बिलाचीच शंका आली.

पण गणपतीसाठी आईला घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचे होते. पंचाहत्तरी उलटलेली आई, कोसळता पाऊस आणि घाटातले वळण अशी तीन चित्रे डोळ्यांसमोर आली आणि मी निमूटपणे ‘बदला’ म्हटले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गॅरेजात गेलो, तो नवा पट्टा चढलेला होता. मेस्त्रींनी मला विद्यार्थ्यासारखे समोर उभे करून सांगितले, ‘खालचं लहान चाक क्रँकशाफ्टचं, पिस्टन त्याच्या तालावर. वरचं मोठं कॅमशाफ्टचं; ते व्हॉल्व्ह उघडतं. खालचं दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा. पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह वाटेत आला, की वाकलाच.’ वृत्ते शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही.

‘मग आता सुरू करून बघा की!’ मी घड्याळाकडे पाहत म्हटले. सौभाग्यवतींनी सांगितलेले नारळ आणि मोदकांची पिठी अजून घ्यायची होती.

‘एवढ्यात सेल्फ मारायचा नाही. आधी हातानं दोन फेरे.’

‘पण खुणा जुळवल्यात ना?’

‘जुळवल्यात. पट्टा ताणल्यावर जुळलेल्या राहिल्या का, ते कुठं बघितलंय?’

स्पार्क प्लग काढलेलेच होते. हाताखालच्या पोराने क्रँकच्या बोल्टला पाना लावला. ‘इंजिन फिरतं त्याच बाजूनं. सावकाश. अडलं तर जोर लावू नको,’ मेस्त्री म्हणाले. एक फेरा झाला. खालची खूण जागेवर आली. वरची मात्र थेट तळाशी! मी दचकलो. ‘वरचं चाक अर्धंच फिरलंय, सर,’ पोरगा हसून म्हणाला. पट्ट्यावरच्या पांढऱ्या रेघाही भलतीकडेच गेल्या होत्या. पण त्या फक्त पट्टा चढवतानाच्या, नंतर पाहायच्या त्या चाकावरच्याच खुणा, हेही ज्ञान मला त्याच्याकडूनच मिळाले.

दुसरा फेरा. खालची खूण बरोबर खाचेसमोर. मेस्त्रींनी वर बॅटरीचा झोत टाकला आणि गप्प झाले. वरची खूण खाचेपासून जराशी अलीकडे थांबली होती.

‘एक दाता चुकला,’ ते पोराला म्हणाले. ‘या बाजूला पट्टा माझ्याकडून ढिला राहिला. टेन्शनरनं ओढला तसं चाक सरकलं.’

वरच्या चाकाला चाळीस दाते धरले तर एक दाता म्हणजे 9 अंश. खालच्या चाकाच्या हिशेबाने 18. मी विचारले, ‘असंच सुरू केलं असतं तर?’

‘चाललं असतं. थोडं थरथरलं असतं, घाटात दम लागला असता. तुम्ही म्हणाला असता, गाडी म्हातारी झाली.’

म्हणजे कुणालाही कळले नसते. मेस्त्री पुन्हा टेन्शनर सैल करू लागले, आणि मला गेल्या वर्षीचा एक तास आठवला. फळ्यावर एका श्लोकाचे गण पाडताना मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ‘सर, तिसऱ्या चरणात एक अक्षर लघू हवं.’ ‘घरी जाऊन नीट मोजा,’ मी म्हणालो; मुले हसली; घंटा झाली. घरी जाऊन मोजले ते मीच. तिचे बरोबर होते. दुसऱ्या दिवशी मी पुढची कविता काढली. वर्षभरात तिने पुन्हा हात वर केला नाही.

पट्टा पुन्हा चढला, ताणला गेला. दोन फेरे झाले, खुणा जुळल्या. मेस्त्रींनी पोराकडून आणखी दोन मारून घेतले. मी घड्याळ पाहिले नाही. पिठीचे दुकान बंद झाले होते, त्याबद्दल घरी जे ऐकायचे ते ऐकले. घाटात पाऊस होता. गाडी एका दमात चढली, आई झोपली होती.

गणपती होऊन गेले. ती मुलगी यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. सुटीनंतरचा माझा पहिला तास तिच्याच वर्गावर आहे.