एकट्याने गंडिकोटा

बेळगावहून गंडिकोटा सुमारे पाचशे किलोमीटर. दुचाकीवरून, एकट्याने जाणार म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो रस्त्याचा नव्हे, भाषेचा. "तिकडं सगळं तेलुगू. अडलास तर कुणाला विचारशील?" प्रश्न बिनतोड होता. घरात आमची मराठी. कन्नड मी शाळेत शिकलो ते परीक्षेपुरते आणि वापरतो ते बाजारापुरते. आपल्याकडे पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून काय काय होते, ते या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना मी सांगायला नको.

हुबळी, गदग, कोप्पळ, होस्पेट असे करीत पहिला मुक्काम बळ्ळारीला केला. गदगकडची काळी माती मागे पडली की कुणी हाताने रचून ठेवावेत तसे धोंडे दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी गुंतकलनंतर गुत्तीचा किल्ला आला. हे मुराररावांचे, घोरपड्यांचे ठाणे. १७७६ साली हैदर अलीने ते घेतले आणि मुरारराव कैदेतच वारले. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारा तो डोंगर रस्त्यावरून बराच वेळ दिसत राहतो. पुढे ताडपत्रीला काळ्या फरशांच्या थप्प्याच थप्प्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला आपण ज्याला कडाप्पा म्हणतो, त्याला नाव मिळाले ते याच मुलखातल्या कडप्पावरून. इतक्या लांब येऊन आईचा ओटा भेटला!

पण सांगायचे आहे ते पाट्यांचे. आंध्राची हद्द लागल्यावर पाट्या तेलुगूत झाल्या. एका गावाची पाटी आली आणि मी ती वाचली. वाचून झाल्यावर लक्षात आले की ही लिपी मी कधीच शिकलेलो नाही. कन्नड आणि तेलुगू या दोन्ही लिप्या एकाच जुन्या लिपीतून फुटल्या आहेत, हे वर्गात ऐकले होते. रस्त्यावर ते डोळ्यांना पटले. ग, ट, ड, न, र ही अक्षरे तर सख्खी भावंडे. तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर तेवढी मास्तर उत्तराला देतात तशी 'बरोबर'ची खूण! मग मी गाडी हळू करून दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचू लागलो. अर्थ मात्र दहांतल्या दोनांचा लागे.

गंडिकोट्याचा अर्थ लागला. गंडी म्हणजे खिंड, आणि कोट तर आपलाच, कन्नडात कोटे, तेलुगूत कोटा. एर्रमल डोंगररांग कापीत पेन्ना नदी येथून जाते. ही नदी उगम पावते कर्नाटकात, नंदी डोंगरात. कन्नडात ती उत्तर पिनाकिनी. किल्ल्यात अजून वस्ती आहे. जामा मशीद, माधवरायाचे देऊळ आणि धान्याचे कोठार ओलांडून पुढे गेलो आणि जमीन एकदम संपली. खाली तीनशे फुटांवर हिरवट पाणी. गोकाकची घळ मी लहानपणापासून पाहिलेली, तरी दोन पावले मागे सरलो. कडेला कठडा नाही. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वाळूचा झालेला तो तांबूस खडक आडव्या थरांचा आणि उभ्या भेगांचा आहे, त्यामुळे दगड चिऱ्यासारखे दिसतात. किल्ल्याची भिंत कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होतो, हे काही ठिकाणी निरखून पाहावे लागते. १६५२ साली फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये येथे मीर जुमल्याला भेटायला आला होता. त्यालाही क्षणभर हाच घोटाळा पडला असेल काय, कोण जाणे.

उतरायची वाट विचारावी म्हणून शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी कन्नडात विचारले, "अज्जा, केळगे दारी इदेया?" 'दारी' त्याला समजला. तेलुगूतही वाट म्हणजे दारीच. समोरच्या घळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "वद्दु!" हा शब्द माझ्या कन्नडात नव्हता. त्याने काठीने एक धोंडा ढकलला. तो घरंगळत गेला आणि किती तरी वेळाने खालून आवाज आला. वद्दु म्हणजे नको.

मग पाण्याकडे बोट करून तो 'चेरुवु' म्हणाला. आपल्या कन्नडात तळे म्हणजे केरे. कान तो किवि, त्यांचा चेवि. दूध ते हालु, त्यांचे पालु. वर्गात कंटाळवाण्या वाटलेल्या त्या याद्यांवर आम्ही दोघे कड्यावर बसून अर्धा तास हसलो.

रात्री तंबू कड्यापासून चांगला लांब ठोकला. वाऱ्याने कापड फडफडे आणि प्रत्येक वेळी खाली काहीतरी निसटल्याचा भास होई. भीती वाटली. एकटा असल्यामुळे ती कुणापासून लपवावी लागली नाही, एवढाच फायदा.

सकाळी म्हाताऱ्याने शेळ्यांची वाट दाखविली. तिने अर्ध्या कड्यापर्यंत उतरून, एका रुंद फरशीवर पाय पसरून बसलो. पाण्यावर ऊन यायला खूप वेळ लागला. वर आलो तर तो वाटच पाहत होता. निघताना त्याने काहीतरी लांबलचक सांगितले. त्यातले एकच 'दारी' कळले. मी "सरी" म्हणालो. तो "सरे" म्हणाला आणि शेळ्या वळवून निघून गेला.