बदललं म्हणजे विकलंच

नांदेडला वजिराबादात माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. जुलै जवळ आला की येणारी मंडळी पूर्वी ठरलेली असायची: शिक्षक, बँकेतले कर्मचारी, हळदीचे व्यापारी, औषध दुकानदार. अलीकडे त्यांत पंचविशी-तिशीतली पोरं वाढली आहेत. फॉर्म १६ पुढं करतात आणि मग जरा दबक्या आवाजात सांगतात, "सर, थोडं क्रिप्टोपण आहे." अशा हिशोबांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माझ्याच भाच्याच्या हिशोबानं. तो लातूरच्या माझ्या ताईचा मुलगा, एका खासगी कंपनीत नोकरीला आहे.

पगारातून थोडे थोडे बाजूला काढून तो इथर नावाची क्रिप्टो घ्यायचा. तेही रीतसर, भारतीय एक्स्चेंजवर पॅन-आधार देऊन. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या मुंबईच्या एक्स्चेंजवर सायबर हल्ला झाला. सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली आणि लाखो लोकांचे पैसे अडकले. भाच्याचं खातं तिथं नव्हतं, तरी त्यानं धसका घेतला. आपले कॉइन दुसऱ्याच्या तिजोरीत नकोतच म्हणून त्यानं सगळे स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेतले. या वॉलेटची किल्ली बारा शब्दांची असते आणि ती फक्त आपल्याकडे असते. त्यानं ते शब्द कागदावर उतरवून ताईच्या कपाटात ठेवले. इथवर सगळं जपून चाललं होतं. पुढचा गुंता झाला तो वॉलेटमधल्या 'स्वॅप' नावाच्या बटणानं.

रिटर्नच्या हंगामात लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी लातूरला गेलो. रात्री जेवणं उरकल्यावर भाचा मोबाइल घेऊन शेजारी बसला.

"वर्षभरात विकलास किती?" मी विचारलं.

"इकलोच नाही मामा. बँकेत एक रुपया आला नाही. ह्यातलं त्यात बदलून घेतलो फक्त."

"अरे, बदलून घेतलास म्हणजे विकलासच."

हे दाजींनाही पटेना. "पैसेच आले नाहीत तर इक्री कशी म्हणायची?" त्याच आठवड्यात त्यांनी लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं होतं. मी म्हणालो, "दाजी, समजा आडत्यानं पैशांऐवजी तुम्हाला तूर दिली. सोयाबीन घरात राहिलं का? नाही. मग तूर किती घ्यायची हे ठरवायला आधी सोयाबीनचा भाव लावावा लागेल, मग तुरीचा. हिशोबपट्टीवर दोन्ही भाव दिसले पाहिजेत." दाजी लगेच म्हणाले, "पट्टी नसेल तर तूर कमीच मिळणार की." भाचा गप्प होऊन ऐकत होता.

कायद्याचंही म्हणणं हेच आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पानं क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेवर १ टक्का टीडीएस आला. रुपयांत विकणं, एक कॉइन देऊन दुसरा घेणं, कॉइन देऊन वस्तू घेणं, हे सगळं हस्तांतरणच धरलं जातं. मिळालेल्या मोलातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. नेटवर्कची फी, सॉफ्टवेअरचं भाडं, काहीच वजा होत नाही. आणि सगळ्यात जड गोष्ट अशी की एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही.

भाच्याच्या नोंदींतली एक जोडी गोल आकड्यांत सांगतो. ५० हजारांना घेतलेले इथर ८० हजारांचे झाले, तेव्हा त्यानं ते एका नव्या टोकनमध्ये बदलले. तिथंच ३० हजारांचा नफा झाला. त्यावर ९ हजार कर आणि ४ टक्के उपकर धरून ९,३६० रुपये देणं लागलं. पुढं ते टोकन घसरून ३० हजारांवर आलं. घाबरून त्यानं ते डॉलरशी बांधलेल्या यूएसडीटीत बदललं. आता नव्या टोकनची खरेदी ८० हजारांची धरायची, म्हणजे ५० हजारांचा तोटा. तो कुठंच वजा होत नाही. हातातले ५० हजार ३० हजारांवर आले आणि वर ९,३६० रुपये सरकारला भरायचे. हे आकडे वहीत मांडल्यावर ताई कळवळून म्हणाली, "लेकराचे पैसे गेले ते गेले, वरून आणि कर?" तिची कळकळ मला समजते. नफ्यावर कर लावणाऱ्या कायद्यात तोट्यालाही जागा असायला हवी असं मला मनापासून वाटतं. पण कायदा बदलेपर्यंत आपल्याला आहे त्या कायद्यात हिशोब ठेवावा लागतो.

मग त्यानं मला स्वॅपचा पडदा दाखवला. वरच्या चौकोनात आपण काय देतो, खालच्या चौकोनात काय मिळतं. आकडा टाकला की खालचा आकडा येतो आणि काही सेकंदांनी थोडा हलतो. त्याखाली बारीक अक्षरांत चार ओळी असतात: दर, किमान किती मिळेल, स्लिपेज म्हणजे दरातली घसरण किती चालेल, नेटवर्क फी किती. मोठ्या अक्षरांत असतं ते बटण. रुपया या पडद्यावर कुठंच नव्हता. भाच्याला आपण विकतो आहोत असं वर्षभर वाटलं नाही, त्याचं कारण मला तिथं दिसलं.

खालचा आकडा येतो कुठून, हे मी त्याच्याकडूनच समजून घेतलं. अशा अनेक अदलाबदलींत समोर माणूस नसतो, असतो तो दोन टोकनांचा एकत्र साठा. लोकांनीच तो भरलेला असतो आणि दर गणितानं निघतो. समजा साठ्यात 'अ' टोकन १०० आणि 'ब' टोकन १०,००० आहेत. दोन्हींचा गुणाकार दहा लाख. फी बाजूला ठेवली तर हा गुणाकार कायम राहिला पाहिजे, एवढा एकच नियम. तुम्ही एक 'अ' टाकला तर 'ब' साधारण ९९ मिळतात. पण एकदम २५ टाकले तर साठ्यात 'अ' १२५ होतात, 'ब' ८,००० उरायला हवेत, म्हणजे तुम्हाला मिळतात २,०००. शंभराच्या भावानं २,५०० मिळायला हवे होते. पाचवा हिस्सा गेला, आणि तो कुणी चोरला नाही. साठा लहान आणि आपला सौदा मोठा, म्हणून गेला. भाच्याच्या त्या नव्या टोकनचा साठा असाच लहान होता. बाहेर पडताना त्याला जो भाव मिळाला, तो पडद्यावर वर झळकणाऱ्या भावापेक्षा बराच खाली होता.

तरीही या गणितात एक चांगुलपणा आहे. नियम सर्वांना सारखा असतो आणि उघड असतो. दर एकाच माणसाच्या हातात गेला की काय होतं, ते आमच्या नांदेडनं पाहिलं आहे.

२०१५ मध्ये अमित भारद्वाज आणि त्याच्या साथीदारांनी गेनबिटकॉइन नावाची योजना काढली. सीबीआयनं मांडल्याप्रमाणे, लोकांनी बिटकॉइन विकत घेऊन 'क्लाउड मायनिंग'साठी योजनेत द्यायचे आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्येच घ्यायचा, असं आमिष होतं. नवे सभासद आणणाऱ्याला कमिशन. सुरुवातीला बिटकॉइन मिळालेही. २०१७ मध्ये नव्या पैशांचा ओघ आटला, तेव्हा परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या त्यांच्याच टोकनमध्ये देणं सुरू झालं. एमकॅपचं मोल बिटकॉइनच्या मानानं कितीतरी कमी होतं. गुन्हे देशभर नोंदले गेले. २०१८ मध्ये भारद्वाजला अटक झाली, २०२२ मध्ये तो वारला. सर्वोच्च न्यायालयानं ही प्रकरणं सीबीआयकडे सोपवली. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयनं ६० हून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या आणि २३.९४ कोटी रुपयांची क्रिप्टो जप्त केली. दिल्ली, पुणे, चंदीगड, कोल्हापूर, बंगळूरु यांच्या यादीत नांदेडचंही नाव होतं.

मी भाच्याला ही हकीकत सविस्तर सांगितली, कारण तीसुद्धा एक अदलाबदलच होती. देणं बिटकॉइनचं होतं, हाती आलं एमकॅप, आणि त्याचं रुपयांतलं मोल कोणी विचारलं नाही तोवर सगळं ठीक वाटत राहिलं. मोबाइलवर टोकनांची संख्या वाढली म्हणजे धन वाढलं असं होत नाही. बाजारात ते टोकन देऊन आज किती रुपये मिळतात, हाच प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं हिशोबाला बसलो. वॉलेटचा पत्ता इथरस्कॅन या साइटवर टाकला की त्यावरून झालेला प्रत्येक व्यवहार दिसतो, तारीख आणि वेळेसकट. ही नोंद कोणाला पुसता येत नाही, हा या तंत्राचा मोठा गुण. आम्ही ती उतरवून घेतली आणि प्रत्येक स्वॅपसमोर चार रकाने पाडले: कधी घेतलं, कधी दिलं, कितीला पडलं, देताना रुपयांत किती मोल होतं. रिटर्नमधल्या क्रिप्टोच्या तक्त्यात हीच माहिती लागते. भावासाठी एकच स्रोत धरला आणि शेवटपर्यंत तोच ठेवला. यादीत वेळ आंतरराष्ट्रीय असते, आपण तिच्या साडेपाच तास पुढं. त्यामुळे ३१ मार्च २०२५ च्या संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी दिसणारा एक स्वॅप आपल्याकडे १ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४० मिनिटांनी झाला होता. तो पुढच्या आर्थिक वर्षात गेला.

त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट सापडली. स्वॅप करण्याआधी वॉलेट परवानगी मागतं: अमुक साइटला तुमचं हे टोकन उचलू द्यायचं का? पोरं घाईत 'हो' करतात आणि बऱ्याचदा ती परवानगी अमर्याद असते, पुढं केव्हाही वापरता येणारी. भाच्यानं अशी एक परवानगी एका अनोळखी साइटला दिलेली होती. पैसे गेले नव्हते, पण दार उघडं होतं. ती आम्ही तिथल्या तिथं रद्द केली. आता तो लागेल तेवढ्याच रकमेची परवानगी देतो, आणि टोकनच्या नावावर न जाता त्याचा करारपत्ता (कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस) जुळवून पाहतो, कारण नाव कोणालाही कोणतंही देता येतं.

कर भरला, रिटर्न गेलं. भाच्यानं क्रिप्टो सोडली नाही आणि मीही त्याला सोड म्हणालो नाही. शिकलेल्या, कमावत्या पोरानं नवं तंत्र समजून घ्यावं, त्यात बेतानं पैसे घालावेत, यात मला गैर वाटत नाही. लातूर-नांदेडच्या पोरांनी गणितात नाव काढलं आहे, हे गणितही त्यांच्या आवाक्यातलं आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. स्वॅपच्या पडद्यावर रुपया दिसत नसेल तर तो आपण लिहायचा, बटण दाबायच्या आधी: आज देतोय त्याचं मोल किती, मिळणाऱ्याचं किती, मधली तफावत कुठं गेली, आणि यातून कर किती निघतो. भाचा आता हे करतो. परवा त्यानं फोनवर सांगितलं, "मामा, एक स्वॅप करणार होतो. रुपये मांडून बघितलो अन् राहू दिलो." ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आता चार रकान्यांचा तो कागद देतो आणि व्यवहार झाल्यावर नव्हे, आधी भरायला सांगतो.