अतिरिक्त

माझी भाची एका कंपनीत एचआरमध्ये आहे. परवा फोनवर सांगत होती, "मावशी, आमचे दोन विभाग एकत्र होताहेत. लोकांच्या मनावर ताण येऊ नये म्हणून आराखडा करायचाय. २०२१ पासून आयएसओ ४५००३ म्हणून त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वंच आहेत." मनाच्या ताणालाही मानक! मला गंमत वाटली, आणि बरंही वाटलं. कारण आमच्या वेळी या सगळ्याला एकच शब्द होता : अतिरिक्त.

शिक्षकी पेशात नसलेल्यांना हा शब्द निरुपद्रवी वाटेल. पण मुंबईतल्या अनुदानित मराठी शाळेत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. पट घटला की तुकडी बंद, संचमान्यतेत एक पद कमी, आणि सेवाज्येष्ठतेत शेवटी असेल तो शिक्षक अतिरिक्त. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत तीन महिन्यांची नोटीस आहे, दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याची सोय आहे. म्हणजे कागदोपत्री माणूस रस्त्यावर येत नाही.

पण मधले महिने?

आमच्याकडे पहिल्यांदा हे झालं तेव्हा शिपायाने भर तासाला लिफाफा आणून दिला. मुलांसमोर. ते सर दुसऱ्या दिवसापासून आमच्यात डबा खायला येईनात. आणि खरं सांगू का, आम्हालाही सुटल्यासारखं झालं, कारण बोलायचं काय? पुढे वर्षभर प्रत्येकाचं लक्ष ज्येष्ठता यादीवर. एकाच दिवशी रुजू झालेल्यांत वयाने मोठा तो ज्येष्ठ, त्यामुळे जिवलग मैत्रिणी एकमेकींच्या जन्मतारखा मोजू लागल्या!

पुढच्या मोठ्या बाई वेगळ्या होत्या. जूनमध्येच पाचवीचे प्रवेश पाहून त्यांनी सगळ्यांना बोलावलं, यादी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "एक पद जाणार असं दिसतंय. नक्की कधी ते मलाही माहीत नाही. कळेल त्या दिवशी तुम्हाला सांगेन." उगाच धीर दिला नाही. ज्या बाईंचं नाव आलं त्यांना केबिनमध्ये बसवून स्वतः सांगितलं, शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचा वर्ग काढून घेतला नाही, आणि नव्या शाळेत रुजू होताना बरोबर गेल्या. उरलेल्यांना वाढीव वह्यांचे गठ्ठे मिळणारच होते. त्याचंही वाटप आधी बसून केलं. (भाचीच्या आराखड्यात मागे राहणाऱ्यांचा रकाना नव्हता. आता घालते म्हणाली.)

पद त्याही वर्षी गेलंच. पण त्या बाई पुढे कितीतरी वर्षं आमच्या स्नेहसंमेलनाला येत राहिल्या.

ते सर नव्या शाळेत चांगले रमले, असं त्यांच्या सौभाग्यवतींकडून कळलं. स्टेशनवरून घरी जाताना मात्र ते आमच्या शाळेचा रस्ता टाळून मंडईच्या बाजूने वळसा घालून जात. निवृत्त होईपर्यंत.