जडसनांच्या संसारामागून : ब्रह्मदेशच्या वाटेवरची चार पत्रे

सेरामपूर, जानेवारी

ती. आई-दादांस सा. न.

हुगळीच्या काठावर केरींचे कॉलेज अजून उभे आहे. विल्यम केरींनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले ते याच गावात. त्यामुळे ब्रह्मदेशला जाताना नगरच्या माणसाने इथे थांबायलाच हवे. पण हे पत्र केरींविषयी नाही. 1812 च्या जूनमध्ये त्यांच्या घरी पाहुणचाराला आलेल्या एका नवविवाहित अमेरिकन जोडप्याविषयी आहे.

अडोनायरम जडसन तेविशीचे, ॲन बाविशीची. 5 फेब्रुवारीला लग्न झाले. दुसऱ्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या चर्चमध्ये जडसनांसह पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्या पाचांत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट होते. तेच पुढे मुंबईत उतरले आणि त्यांच्यापासून आपले अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. म्हणजे रंगूनचे मिशन आणि नगरचे मिशन यांची पाळेमुळे एकाच चर्चच्या एकाच उपासनेत आहेत. दादांनी ज्ञानोदयाच्या जुन्या अंकांत हॉलसाहेबांचे नाव कितीदा तरी वाचले असेल; जडसन त्यांचेच सोबती.

जडसन 'कॅरव्हान' या गलबतातून निघाले. चार महिन्यांच्या त्या प्रवासात नव्या कराराचा अभ्यास करता करता बाप्तिस्म्याविषयीचे त्यांचे मत बदलले. ॲनने आधी विरोध केला, मग स्वतः वचने तपासली आणि तिलाही ते पटले. सप्टेंबरमध्ये कोलकात्याच्या लाल बाजार चर्चमध्ये दोघांनी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. ज्या मंडळाने धाडले होते त्याला हे मत मान्य नव्हते; म्हणजे त्याचे वेतन सोडणे आले. परक्या मुलुखात, हातात काही नसताना, तेही विवेकाला स्मरून. त्यांचे सोबती ल्यूथर राइस यांनीही बाप्तिस्मा घेतला होता. ते अमेरिकेला परतले, गावोगाव हिंडले आणि 1814 मध्ये फिलाडेल्फियात बॅप्टिस्ट मंडळ्यांची मिशनसंस्था उभी राहिली.

कंपनी सरकारला मिशनरी नको होते. देश सोडण्याचा हुकूम सुटला. जडसन दांपत्य मॉरिशसला गेले, तिथून मद्रासला आले. पुन्हा पकडून इंग्लंडला धाडतील या भीतीने मिळेल ते गलबत धरले. ते रंगूनला जाणारे होते. वाटेत ॲनचे पहिले मूल मृत जन्मले. जुलै 1813 मध्ये रंगूनला उतरताना तिला चालवतही नव्हते.


यांगॉन, जानेवारी

ती. आई-दादांस सा. न.

रंगूनचे आता यांगॉन झाले आहे. श्वेडगोन पॅगोडाचा सोन्याचा कळस गावात कुठूनही दिसतो, तसा तो जडसनांनाही रोज दिसत असणार. त्यांचे मिशनघर तटाबाहेर होते. ते केरींचा मुलगा फेलिक्स याचे घर.

आईला उत्सुकता असेल ती ॲनच्या स्वयंपाकघराची. तिने घरी लिहिले होते की इथे पाव नाही, लोणी नाही, चीज नाही, बटाटे नाहीत. भात, कोंबडीची कढी आणि काकडी घालून शिजवलेली कोंबडी यांवर भागवतो. आपल्याला ही मेजवानी वाटेल, पण न्यू इंग्लंडच्या मुलीला सगळे नव्याने शिकावे लागले. त्या शिकण्याचा फायदा मात्र मोठा झाला. अडोनायरम दिवसभर पंडितापुढे बसून व्याकरण आणि ग्रंथ वाचत. ॲनला नोकर, बाजार आणि शेजारणी यांच्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नव्हते. काही काळाने बोलण्यात ती नवऱ्याच्या पुढे गेली, आणि हे तिनेच पत्रात लिहिले आहे. पुढे रंगूनमधल्या सयामी लोकांसाठी तिने ती भाषाही शिकून घेतली आणि मत्तयकृत शुभवर्तमानाचे सयामीत भाषांतर केले.

सुभेदाराच्या पत्नीकडे ती मुद्दाम भेटीला गेली. हातात लांब रुपेरी चिलीम घेऊन ती बाई बाहेर आली, शेजारी बसली, चौकशी केली. संकट आले तर दाद मागायला एक दार उघडे राहावे, हा ॲनचा हेतू होता. ते दार उघडले, पण वेगळ्याच कारणाने. सप्टेंबर 1815 मध्ये जन्मलेला त्यांचा रॉजर आठ महिन्यांचाही झाला नव्हता, तोच तापाने गेला. तेव्हा हीच बाई लवाजमा घेऊन सांत्वनाला आली आणि दोघांना हत्तीवर बसवून रानात फिरायला घेऊन गेली. रंगूनमध्ये ॲनला मिळालेली ही माया कुठल्याही धर्मचर्चेतून आलेली नव्हती.

सहा वर्षे एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. बायबलचे भाषांतर चालू होते, प्रेस आला होता, पत्रके छापली जात होती. 1819 मध्ये जडसनांनी पॅगोडाच्या रस्त्यालगत एक झयात बांधला. झयात म्हणजे आपल्याकडची धर्मशाळा. प्रवाशांनी टेकायचे, गप्पा मारायच्या, कोणी साधू असला तर ऐकायचे. बांबूचा आणि गवताने शाकारलेला तो मंडप 27 फूट लांब आणि 18 फूट रुंद होता. पुढच्या मोकळ्या भागात जडसन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत. इमारत ब्रह्मी, बैठक ब्रह्मी, वाद घालण्याची रीतही ब्रह्मी. नगरला आपल्या लोकांनी पुढे कीर्तन धरले, त्यामागेही हीच समज होती. आतल्या भागात ॲन बायकांना घेऊन बसे.

27 जून 1819 रोजी माउंग नाव या त्यांच्या पहिल्या ब्रह्मी शिष्याचा बाप्तिस्मा झाला. जवळच्या तळ्याच्या काठावर बुद्धाची भव्य मूर्ती होती. त्या मूर्तीसमोर पाण्यात उतरायला या माणसाला केवढे धैर्य लागले असेल! राजाच्या प्रजेने धर्म सोडणे हा जिवाशी खेळ होता. 1820 मध्ये जडसन अव्याच्या दरबारी परवानगी मागायला गेले, तेव्हा राजा बाजीदॉने पत्रक वाचून खाली टाकून दिले. तरीही 1822 पर्यंत रंगूनच्या मंडळीत अठरा ब्रह्मी सभासद होते.

हे सगळे अमेरिकेला कळत होते ते ॲनच्या पत्रांतून. ती पत्रे बॅप्टिस्ट मासिकात छापून येत, बायकांच्या मंडळांत मोठ्याने वाचली जात आणि त्यांवर वर्गणी जमे. 1823 मध्ये लंडनला छापलेला तिचा मिशनचा इतिहासही पत्रांच्याच रूपात आहे. मिशनघरातला रोजचा संसार आणि मिशनचे काम यांत तिने कधी भिंत घातली नाही. माणसे आधी तिच्या घरी येत, मग मंडळीत.


अमरपुरा, फेब्रुवारी

ती. आई-दादांस सा. न.

मांडल्याजवळचे हे गाव आज सागवानी पुलासाठी प्रसिद्ध आहे. इथून थोड्या अंतरावर ऑंगपिनले आहे. ॲनच्या आयुष्यातले सर्वांत कठीण महिने तिथे गेले.

1824 मध्ये इंग्रज आणि ब्रह्मदेश यांचे युद्ध पेटले. जडसन तेव्हा अव्याला नुकतेच घर मांडत होते. ॲनने तीन मुलींची शाळाही सुरू केली होती. परदेशी म्हणजे हेर, असा दरबाराचा ग्रह झाला आणि 8 जूनला शिपाई आले. जडसनांना दोरीने आवळून मृत्युदंडाच्या कैद्यांच्या तुरुंगात टाकले. रात्री कैद्यांचे बेड्या घातलेले पाय बांबूला अडकवून वर उचलत, फक्त खांदे जमिनीला टेकत.

ॲन गरोदर होती. ती रोज अधिकाऱ्यांच्या दारी जाई, विनवण्या करी, लाच देई, जेवण पोचवी. एकदा नवऱ्याला घरची आठवण यावी म्हणून तिने म्हशीचे मांस आणि केळी यांचा 'मिन्स पाय' केला. तो पाहून जडसन रडले आणि त्यांनी तो सोबत्याला देऊन टाकला. बायबलच्या भाषांतराचे हस्तलिखित तिने आधी घराजवळ पुरले. पावसात ते कुजेल म्हणून मग एका ओबडधोबड उशीत शिवून तुरुंगात धाडले. अशा उशीला कोण हात लावणार? तरी एका पहारेकऱ्याने ती लांबवली. ॲनने त्याला चांगली उशी देऊन ती परत मिळवली. कैद्यांना हलवताना उशी फेकली गेली, तेव्हा माउंग इंग या शिष्याने आठवण म्हणून ती घरी नेली. आतला नवा करार तसाच सुखरूप राहिला.

जानेवारी 1825 मध्ये मारिया जन्मली. मे महिन्यात कैद्यांना रणरणत्या उन्हात अनवाणी ऑंगपिनलेला चालवले. ॲन तान्ह्या बाळाला, सांभाळलेल्या दोन ब्रह्मी मुलींना आणि बंगाली स्वयंपाक्याला घेऊन होडीने आणि मग बैलगाडीने मागोमाग निघाली. तुरुंगाच्या पहारेकऱ्याच्या घरात धान्याची एक खोली मिळाली. मोठ्या मुलीला देवी आल्या. ॲनने दुसरीला आणि पहारेकऱ्याच्या मुलांनाही देवी टोचल्या. मग ती स्वतः आजारी पडली, अंगावरचे दूध आटले. जडसनांनी पहारेकऱ्यांना पैसे चारून थोड्या वेळाची मोकळीक मिळवली आणि बेड्यांसह बाळाला कडेवर घेऊन ते गावातल्या लेकुरवाळ्या बायकांकडे दूध मागत फिरले. त्या बायकांनी पाजले म्हणून मारिया जगली. आई, या बायकांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.


मोलम्याइन, फेब्रुवारी

ती. आई-दादांस सा. न.

जुने मोलमीन ते हेच. याच्या दक्षिणेला समुद्रकाठी चायक्कमी आहे, इंग्रजांनी त्याला ॲम्हर्स्ट म्हटले. फेब्रुवारी 1826 मध्ये यांदाबोचा तह होऊन युद्ध संपले आणि हा किनारा इंग्रजांकडे गेला. तोवर जडसन सुटले होते. मिशनही इकडे आले. इथे राजाची भीती नव्हती, पण जिंकणाऱ्यांच्या छत्राखाली काम करावे लागले, आणि ब्रह्मी माणसाच्या नजरेत मिशनरी आणि इंग्रज यांच्यातला फरक त्यामुळे पुसट झाला. हे जडसनांच्या चरित्राइतकेच खरे आहे.

तुरुंगाची सगळी हकीकत ॲनने मे 1826 मध्ये रंगूनहून दिराला एका लांबलचक पत्रात लिहिली. पाच महिन्यांनी, 24 ऑक्टोबरला, ती चायक्कमीत तापाने वारली. जडसन सरकारी वाटाघाटींसाठी अव्याला होते. काळ्या मोहरेचे पत्र त्यांच्या हाती पडायला महिना लागला. पुढच्या एप्रिलमध्ये मारियाही गेली. त्याच 1826 च्या मार्चमध्ये गॉर्डन हॉल नाशिककडच्या फेरीत पटकीने दगावले होते. त्यांची बायको आणि मुले आधीच अमेरिकेला निघाली होती, आणि त्यांतला एक मुलगा वाटेतच समुद्रावर वारला.

मुलांचा प्रश्न या घरांतला सर्वांत अवघड. जडसनांनी 1834 मध्ये सारा बोर्डमन हिच्याशी लग्न केले. ती मिशनरी जॉर्ज बोर्डमन यांची विधवा. नवरा गेल्यावरही तीन वर्षे दावेईत राहून तिने शाळा चालवल्या. तिचा सहा वर्षांचा मुलगा जॉर्ज शिक्षणासाठी एकटाच अमेरिकेच्या गलबतावर चढवावा लागला. त्यांची पुन्हा भेट झाली नाही. सारा 1845 मध्ये अमेरिकेच्या वाटेवर सेंट हेलिना बेटावर वारली. मुलगा पुढे फिलाडेल्फियाचा नामांकित पाळक झाला.

31 जानेवारी 1834 रोजी जडसनांनी जुन्या कराराचे शेवटचे पान पुरे केले. तेच ब्रह्मी बायबल इथल्या मंडळ्या आजही उपासनेत वाचतात. मोलम्याइनची बॅप्टिस्ट मंडळी 1827 पासूनची आहे.

पुढचे पत्र दावेईहून येईल. 1828 मध्ये बोर्डमनांनी तिथे को था ब्यू या करेन माणसाला बाप्तिस्मा दिला, आणि डोंगरातल्या करेन गावांत सुवार्ता पोचवली ती त्याने, पायी हिंडून, आपल्याच भाषेत. मिशनरी कुटुंबांच्या पत्रांत त्याच्यासारख्यांना कमी जागा मिळाली आहे. दावेईच्या पत्रात ती पुरेपूर असेल. दादांनी तोवर हॉलसाहेबांविषयी घरात जे काही असेल ते बाजूला काढून ठेवावे. परत आल्यावर दोन्ही घरे शेजारी ठेवून वाचायची आहेत.