लिहिलेलं नाय, पण नियम आहे!

मंडळी, आपल्या तालुक्याचं नाव संगमेश्वर आणि तहसील कार्यालय देवरूखात. नवखा माणूस संगमेश्वरला उतरून पत्ता विचारतो, तिथेच त्याला सरकारी कामाचा पहिला धडा मिळतो : नाव एकीकडे, टेबल दुसरीकडे!

आळशी कर्मचाऱ्यांवरचे विनोद आपण सगळेच फॉरवर्ड करतो. रिकाम्या खुर्चीवर गरगरणारा पंखा, टेबलावर हजेरी लावून बसलेली बॅग, "साहेब मीटिंगला गेलेत", "सर्व्हर डाऊन आहे". हसतो आणि सोडून देतो. पण मारळ-कुंडीकडून सकाळची एसटी पकडून आलेल्या माणसाला "उद्या या" म्हटलं की त्याचं भाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही बुडाली. त्याला कसलं हसू येणार?

मागे एका कार्यालयात (नाव नको, उद्या परत तिथेच जायचंय) दाखल्यासाठी मला सांगितलं, "प्रतिज्ञापत्र शंभरच्या स्टॅम्पपेपरवर आणा." म्हटलं, असं कुठे लिहिलंय? उत्तर मिळालं, "लिहिलेलं नाय ओ, पण नियम आहे."

आता लिहिलेलं काय आहे ते बघा. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क सरकारने 1 जुलै 2004 लाच माफ केलंय. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने तर बऱ्याच कामांत प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र चालतं, झेरॉक्सवर आपलीच सही चालते. तरी लोक वर्षानुवर्षं शंभर रुपये मोजत राहिले. 2024 मध्ये किमान मुद्रांक पाचशेचा झाला, तेव्हा हा न लिहिलेला नियमही पाचपट महाग झाला!

जेवणाच्या सुट्टीचंही तेच. एक ते दोनच्या दरम्यान फक्त अर्धा तास, असं सरकारचंच 2019 चं परिपत्रक आहे. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा आला आणि त्या बदल्यात वेळ ठरली पावणेदहा ते सव्वासहा. शनिवारची सुट्टी सगळ्यांच्या लक्षात आहे, पावणेदहा मात्र कुणालाच आठवत नाहीत.

फाईल कुणाच्याही टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, हा 2005 चा विलंब प्रतिबंध कायदा. आणि 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अर्जाची पोच, ठरलेली मुदत आणि नकाराचं लेखी कारण हा आपला हक्क केलाय. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे.

सगळेच आळशी आहेत असं माझं म्हणणं नाही. रिकाम्या जागांमुळे एकटा माणूस तीन टेबलं सांभाळतो, तेही बघतो आपण. पण अशा माणसाचीही बदनामी होते ती या तोंडी नियमांनी.

तेव्हा पुढच्या वेळी भांडू नका, आवाज चढवू नका. अर्जाची पोच घ्या आणि शांतपणे एवढंच म्हणा, "साहेब, हे जरा लिहून द्याल काय?" जो नियम खरा असेल तो लिहून मिळेल. खोटा असेल तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे रद्द होतो.

तुम्हाला ऐकवलेला न लिहिलेला नियम खाली कमेंटमध्ये टाका. माणसाचं नाव नको, नियम पुरे.