जिम रीव्ह्ज कानाला, बी गीज पायाला

डोंबिवली,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,


कुरिअरवाला खोकं देऊन गेला असेल तर हे पत्र आधी वाच आणि मग खोकं उघड. तू उलटच करणार, हे माहीत आहे मला. आत साबणाच्या दोन वड्यांएवढा एक स्पीकर आहे आणि त्याच्या पाठीत पेनड्राइव्ह खोचलेला आहे. तो काढू नकोस. त्यात वीस गाणी आहेत. एकविसाव्या जागेवर जे आहे त्याबद्दल शेवटी लिहितो.

परवा फोनवर तू तीनदा "हो, हो" म्हणालीस आणि तिन्ही वेळा प्रश्न निराळा होता. शेवटचा प्रश्न "मशीन घातलंयस ना?" असा होता. तेव्हाच कळलं की कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये आहे.

रागावत नाही. माझंही आठ महिने मोज्यांच्या खणात पडून होतं. ज्या दुकानातून घेतलं तिथल्या मुलानं ते कानात बसवलं, "काका, ऐकू येतंय?" असं विचारलं आणि बिल फाडलं. घरी येऊन हौसेनं गाणं लावलं तर व्हायोलिन पाण्याखालून वाजल्यासारखं आणि बासरी थंडीत कुडकुडल्यासारखी. मला वाटलं आता गाणं संपलं आपलं. पुढं कान तपासणाऱ्या एका बाईंनी समजावून सांगितलं. हे यंत्र मुळात माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून जुळवलेलं असतं. एखादा सूर लांबला की त्याला वाटतं ही आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ते ती दाबायला धावतं. बासरी थरथरते ती त्यामुळे. बहुतेक चांगल्या मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळी सोय करून देता येते, पण आपण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. तेव्हा मशीन जिथून घेतलंस तिथं जा आणि "म्युझिक प्रोग्रॅम लावून द्या" असं स्पष्ट सांग. आणि तुझं बटणाएवढ्या सेलवर चालणारं मशीन आहे ना? सेलवरचा चिकट कागद काढल्यावर तो लगेच आत टाकू नकोस, मिनिटभर उघडा ठेव. तो सेल हवा घेऊन चालतो. एवढी साधी गोष्ट मलाही फार उशिरा कळली.

आता गाण्यांकडे येतो. पहिली सात जिम रीव्ह्जची आहेत. तुझ्या प्रेमापोटी घातली असं समजू नकोस, त्यामागं हिशेब आहे. म्हातारपणी कान सगळा एकदम जात नाही, वरून खाली जातो. बारीक, टोकदार आवाज आधी विरतात. स, श, फ ही अक्षरं गळायला लागतात, म्हणून माणसं बोलतात ते ऐकू येतं पण कळत नाही. तुझी नात बोलते ते तुला कळत नाही आणि वॉचमन बोलतो ते कळतं, यात नातीचा काही दोष नाही. नुसता टीव्हीचा आवाज वाढवला की शेजारी चिडतात, शब्द काही सुटे होत नाहीत. जिम रीव्ह्जचा आवाज मात्र तळघरातून आल्यासारखा खोल. शिवाय तो गाण्याआधी रेडिओवर निवेदक होता, म्हणून शब्द स्वच्छ. माइकच्या अगदी जवळ येऊन, हळू, कानात सांगितल्यासारखा गायचा. आपल्या वयाच्या कानांसाठीच जणू! त्यात ही गाणी तुला पाठ आहेत. पुढचा शब्द काय येणार हे डोक्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे मशीनमधून येणाऱ्या नव्या आवाजाशी ते लवकर जुळवून घेतं. सकाळी सगळं शांत असताना मशीन घाल आणि दोन गाणी ऐक. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राची सळसळ आणि ताटलीचा खणखणाट अंगावर येईल. काढून टाकू नकोस. रोज थोडा वेळ वाढव.

अगं, रेडिओ सिलोन तरी कुठं सरळ ऐकू यायचं? भिंतीवर आडवी ताणलेली तांब्याच्या जाळीची ती पट्टी, रेडिओ तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबणं, तो हिरवा डोळा हळूहळू मिटत यायचा तो. आवाज भरून यायचा आणि ओहोटीसारखा मागं जायचा. शॉर्टवेव्ह वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येते, तो थर हलला की गाणं हललं. तू कान रेडिओच्या कापडाला लावून बसायचीस आणि बुडालेली ओळ मनानंच भरून काढायचीस. अण्णा नभोवाणीमंत्री केसकरांच्या बाजूचे. आकाशवाणीवरून १९५२ साली सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, ते त्यांच्या मते उत्तमच झालं. त्याचा परिणाम एवढाच झाला की सबंध चाळ बुधवारी रात्री आठला अमीन सयानींसाठी सिलोनकडे तोंड करून बसायला लागली, आणि तू त्याच काट्यावर आणखी पुढं जाऊन इंग्रजी गाण्यांत शिरलीस. त्याला खोताच्या वाडीतली आंटीही जबाबदार. डिसेंबर आला की तिच्या खिडकीतून जिम रीव्ह्जची नाताळची गाणी गल्लीभर. क्लिफ रिचर्ड आपल्या लखनौला जन्मला, १९४८ साली त्याचे आईबाप त्याला घेऊन विलायतेला गेले, हे ती असं सांगायची जणू बोटीवर सोडायला हीच गेली होती.

तुला तो दिवस आठवतो का? ३१ जुलै १९६४ ला जिम रीव्ह्ज स्वतःच छोटं विमान चालवत नॅशव्हिलला परतत होता, वादळात सापडला. दोन दिवस शोधत होते. चाळिशीत गेला बिचारा. तुला बातमी कळली तेव्हा तू गॅलरीत कठड्याला धरून उभी होतीस आणि डोळ्यांना पदर. अण्णा पूजा अर्धवट टाकून बाहेर आले. "कोण गेलं?" तू म्हणालीस, "जिम रीव्ह्ज." अण्णा क्षणभर थांबले आणि हळू आवाजात विचारलं, "कुठल्या चाळीतला गं?" मी अकरा वर्षांचा होतो. हसू दाबताना मला उचकी लागली होती आणि तू मला फटका मारला होतास. तो फटका अजून तुझ्या नावावर आहे.

पुढचा भाग तुला आवडणार नाही. आठ ते बारा बी गीज आहेत.

माहीत आहे, "पुरुष असून बायकांच्या पट्टीत काय किंचाळतात" हे तुझं मत. १९७८ पासून ऐकतोय. पण डॉक्टरनं तुला चालायला सांगितलंय आणि तू "गुडघा" म्हणतेस, मग "ऊन" म्हणतेस, मग "कंटाळा" म्हणतेस. यातलं तिसरं खरं आहे. त्यावर माझ्याकडे औषध आहे. 'स्टेइंग अलाइव्ह' नावाचं गाणं साधारण मिनिटाला १०३ ठोक्यांचं आहे. ठोक्याला एक पाऊल टाकलं तर होतं बरोब्बर ते चालणं, ज्याला डॉक्टर "जरा झपझप" म्हणतात. मिनिटाला शंभर पावलं ही त्याची ढोबळ खूण. गाणं पावणेपाच मिनिटांचं, म्हणजे जवळजवळ पाचशे पावलं झाली. घड्याळ नको, मोजणं नको. आणि हा ठोका केसभरही हलत नाही, त्याचं कारण ऐक. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांच्या ढोलवाल्याला घरच्या अडचणीमुळे मध्येच जावं लागलं. मग त्यांनी आधीच्या एका गाण्यातला त्याच्या वाजवण्याचा एक तुकडा घेतला, टेप कापून टोकाला टोक जोडून गोल केली आणि तीच फिरत ठेवली. त्यावर सगळं गाणं उभं केलं. माणूस वाजवताना थोडा पुढंमागं होतो, गोल फिरणारी टेप होत नाही. तुझ्या पायांना असाच मुकादम हवा.

लगेच पाचशे पावलं टाकू नकोस. पहिला आठवडा जिम रीव्ह्जच्या संथ गाण्यावर पॅसेजमध्ये फेऱ्या मार, मग एक बी गीज, मग दोन. गुडघ्याला कळ आली तर थांब आणि डॉक्टरांना सांग, मला नको. वेग बरोबर आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे: चालताना बोलता यायला हवं, पण गाता यायला नको. गाता आलं तर तू रमतगमत चाललीयस. बोलताही येईना तर फार झालं. (म्हणजे बी गीजबरोबर तुला गाता येणार नाही. तुझीच नाही, सोसायटीचीही अडचण सुटली.) आणि स्पीकर पिशवीत ठेव, कानात बोंडं घालून रस्त्यावर जाऊ नकोस. मी गेलो होतो. मागून स्कूटर आली ती कळलीच नाही, आणि तो पोरगा मला "ओ डिस्को आजोबा" म्हणून गेला. घरी बायको अजून तीच हाक मारते मला.

याच गाण्याची आणखी एक गंमत. आमच्या सोसायटीत मध्यंतरी एक प्रशिक्षण झालं. समोर माणूस कोसळला, श्वास नाही, हाक मारली तर हू की चू नाही, तर १०८ ला फोन लावून त्याच्या छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबत राहायचं. मोठ्या माणसाची छाती चांगली पाच सेंटिमीटर खाली जायला हवी, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. हा वेग हाताला कसा कळावा? अमेरिकन हार्ट असोसिएशन लोकांना सांगते, हेच गाणं मनात म्हणा. शिकवणाऱ्या मुलीनं ते लावलं आणि खोलीतली सगळी पांढरी डोकी एकाच वेळी डुलायला लागली. ती बिचारी आमच्याकडे बघतच राहिली. तू एकटी राहतेस, तुझ्या छातीवर तुला दाबता येणार नाही. म्हणून तुझ्या समोरच्या दाराच्या जोडप्याला आणि त्या वॉचमनला हे शिकायला लाव. चहा पाजून लाव.

तेरा ते वीस सगळं सरमिसळ आहे. कार्पेंटर्स आहेत. ती कॅरन पण खालच्या सुरातली, तुला सहज ऐकू येईल. बत्तिसाव्या वर्षी गेली ती, १९८३ ला. ॲबा आहेत. पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पियानो बडवणारा तो फारुख बल्सारा आहे, पुढं फ्रेडी मर्क्युरी झालेला. ही गाणी संध्याकाळी ओट्यापाशी लाव. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याला एक हात धरून एका पायावर उभी राहा, मग दुसऱ्या. तोल हा सरावानं टिकतो. भावोजी गेल्यापासून तू बाथरूमच्या दारातलं ते गुळगुळीत पायपुसणं हलवलेलं नाहीस, कारण ते त्यांनी आणलं होतं. त्याची घडी घालून कपाटात ठेव, ताई. टाकून दे असं म्हणत नाही.

फोनवर एवढी गाणी फुकट मिळत असताना पेनड्राइव्ह कशाला, असं तुझा मुलगा न्यू जर्सीहून विचारेल. त्याला सांग, मामा "पहिले तीन महिने मोफत" यावर बोट ठेवून बसला आणि पुढं सात महिने त्याच्या खात्यातून गुपचूप पैसे जात होते. पासबुक भरायला गेलो तेव्हा कळलं.

आता एकविसावं.

लॅमिंग्टन रोडवरून मी बी गीजची कॅसेट भरून आणली होती १९७९ मध्ये, आठवते? नव्वद मिनिटांची. कॅसेटच्या माथ्यावरच्या त्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मोडायला मी विसरलो. त्या मोडल्या असत्या तर कॅसेटवर कुणाला काही रेकॉर्ड करता आलं नसतं. आणि तू टू-इन-वन नवा आला म्हणून बी बाजूवर काहीतरी भरलंस. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. गेल्या महिन्यात एका मुलाकडून जुन्या कॅसेटी उतरवून घेतल्या, त्यात ही निघाली. ऐकत बसलो होतो. बी गीज एका ओळीच्या मध्यावर तुटले आणि नुसती स्टोची घरघर सुरू झाली. मशीन काढून ठेवलं होतं, त्यामुळे मला वाटलं टेप खराब झालीय. घातल्यावर कळलं, त्या घरघरीच्या मागं आई आहे.

आईचा आवाज केवढा बारीक होता गं, आपण विसरूनच गेलो होतो. ती तुला विचारतेय, "हे चालू झालं का? थांब, मी स्टो बंद करून येते." मग बांगड्या, मग स्टो विझल्याचा तो फुस्स आवाज, मग बराच वेळ कुणीच नाही. मग ती येऊन बसते.

पुढचं लिहीत नाही. मशीन घालून ऐक. सेल नवा टाक.

तुझा,
धाकटा