हुवुद आणि स्कल्ले

गोथेनबर्गच्या इस्पितळात मी नर्स आहे. भाषेची पात्रता सिद्ध केल्याशिवाय इथे परवाना मिळत नाही, त्यामुळे स्वीडिश पुस्तकं कसून वाचली होती. त्यांत डोकं म्हणजे ‘हुवुद’, डोकेदुखी म्हणजे ‘हुवुदवेर्क’. वॉर्डात मात्र सतत कानावर पडे ते ‘स्कल्ले’. मूळ अर्थ कवटी.

रात्रपाळीला एक म्हातारे खलाशी दोन्ही तळव्यांनी कपाळ दाबून म्हणाले, “देत स्प्रेंगेर ई स्कल्लेन.” डोकं फुटायला आलंय! डोळे गच्च मिटलेले, उजेड सहन होत नव्हता. कधीपासून, उलटी झाली का, असं विचारत मी दिवा मंद केला, बाहुल्या तपासल्या आणि डॉक्टरांना बोलावलं. फॉर्मवर अर्थात ‘हुवुदवेर्क’ लिहिलं गेलं, पण दुखणं किती आहे ते मला स्कल्लेनेच सांगितलं.

शब्द रांगडा खरा, तरी डॉक्टरांनाही तो वर्ज्य नाही. डोक्याला जबर मार लागला की ‘स्कल्लट्रउमा’, कवटीचा तळ मोडला की ‘स्कल्लबासफ्राक्टुर’. तोच शब्द पोरं भांडताना ‘दुमस्कल्ले’ म्हणजे ‘मठ्ठ’ म्हणून वापरतात. टकला तो ‘स्कल्लिग’. विषाच्या बाटलीवरची कवटी ‘दोदस्कल्ले’. सहलीची वर्गणी ‘पेर स्कल्ले’, अगदी आपल्या दरडोईसारखी. आपणही संतापलो की कवटी सरकली म्हणतोच की.

शनिवारी रात्री नाक फुटलेला तरुण ‘दान्स्क स्कल्ले’ मिळाला म्हणाला, तर समजायचं, कुणीतरी त्याच्या तोंडावर डोकं आपटलंय. शब्दशः अर्थ डॅनिश कवटी. 2006च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने मातेरात्सीच्या छातीवर डोकं आपटलं, त्यालाही स्वीडिश क्रियापद ‘स्कल्ला’च.

‘स्कल्लगोंग’ मात्र या घरातला नाही. हरवलेल्या माणसासाठी रांग धरून रान पिंजणं, हा त्याचा अर्थ. त्यातलं ‘स्कल्ल’ म्हणजे गलका. पूर्वी गावकरी असेच गलका करत लांडग्यांना हुसकत.

नर्सिंगसाठी स्वीडनला येणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: रुग्णाशी बोलताना तुम्ही ‘हुवुद’च म्हणा, पण तो ‘स्कल्ले’ म्हणाला तर हातातलं काम ठेवा आणि आधी त्याच्याकडे जा.